सिग्मंड फ्रॉइड : श्रवणाची साधना आणि तिच्या सीमा

मनोविश्लेषणाचा विचार मराठी समीक्षेत प्रामुख्याने संज्ञांच्या वाटेने आला. अबोध मन, दमन, इडिपस गंड, इदम्-अहम्-पराहम् या संज्ञा पदव्युत्तर वर्गांत रुळल्या; ज्या माणसाच्या आयुष्यातून त्या निपजल्या तो मात्र त्यांच्या आड राहिला. वस्तुतः फ्रॉइडच्या बाबतीत चरित्र आणि सिद्धांत यांची फारकत करणे अवघड आहे. माणसाच्या वर्तनामागे त्याला स्वतःलाही अज्ञात असलेल्या प्रेरणा असतात, ही कल्पना त्याची नव्हे. शोपेनहॉअरच्या तत्त्वज्ञानात तिची बीजे होती आणि एदुआर्द फोन हार्टमानचा अबोधाच्या तत्त्वज्ञानावरील ग्रंथ १८६९ मध्येच प्रसिद्ध झाला होता. फ्रॉइडने नवे केले ते एवढेच की, हे अज्ञात ऐकता येते असे त्याने मानले आणि ऐकण्याची एक रीत घडवली. त्याच्या आयुष्याकडे या अंगाने पाहिले म्हणजे त्याचा सिद्धांत कुठे फळला आणि कुठे ताठरला, हे दोन्ही उमगते.

फ्रॉइडचा जन्म ६ मे १८५६ रोजी मोराव्हियातील फ्रायबर्ग या लहानशा गावी झाला. हे गाव त्या वेळी ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होते. आज ते प्रशिबोर या नावाने चेक प्रजासत्ताकात आहे. वडील याकोब हे लोकरीचे ज्यू व्यापारी. आई अमालिया त्यांच्याहून सुमारे वीस वर्षांनी लहान, आणि याकोबना पहिल्या विवाहापासूनचे दोन कर्ते मुलगे होते. त्यांपैकी थोरल्याचा मुलगा जॉन हा नात्याने सिग्मंडचा पुतण्या, पण वयाने त्याच्याहून मोठा. काका लहान, पुतण्या मोठा; सावत्र भाऊ आईच्या वयाचे आणि वडील आजोबा शोभावेत असे. नातेसंबंधांच्या या गुंत्यात ज्याने डोळे उघडले, त्याला पुढे कुटुंब हेच सर्व नाट्यांचे मूळ वाटावे, यात नवल नाही. मात्र या एका गोष्टीवरून त्याचा सगळा सिद्धांत समजावून सांगण्याचा मोह आवरलेला बरा. तो मोह खुद्द फ्रॉइडला नेहमी आवरता आला नाही, हे पुढे दिसेलच.

व्यापार बसला आणि १८६० मध्ये कुटुंब व्हिएन्नात येऊन राहिले. मुलगा बुद्धिमान होता. ग्रीक, लॅटिन, इंग्रजी, फ्रेंच तर त्याने आत्मसात केलेच, शिवाय एका शाळूसोबत्याच्या जोडीने केवळ सर्व्हान्तेस मुळातून वाचता यावा म्हणून तो स्पॅनिश शिकला. त्याच्या बालपणीची एक आठवण त्यानेच पुढे नोंदवून ठेवली आहे. तारुण्यात वडील नवी टोपी घालून फिरायला निघाले असता एका ख्रिस्ती माणसाने ती चिखलात उडवली. वडिलांनी रस्त्यावर उतरून मुकाट्याने ती उचलली. मुलाला हे सांगताना, आता दिवस पालटले आहेत, एवढेच वडिलांना सुचवायचे होते. मुलाच्या मनावर ठसला तो वडिलांचा निमूटपणा. सांगणाऱ्याच्या हेतूपलीकडचे काही ऐकणाऱ्यापर्यंत पोहोचते, याचा हा त्याच्या आयुष्यातला बहुधा पहिला धडा होता.

१८७३ मध्ये तो व्हिएन्ना विद्यापीठात वैद्यकाचा विद्यार्थी झाला. पण ओढा रुग्णांपेक्षा प्रयोगशाळेकडे अधिक. अर्न्स्ट ब्र्युक या कठोर शरीरक्रियाशास्त्रज्ञाच्या हाताखाली त्याने वर्षानुवर्षे सूक्ष्मदर्शकातून मज्जापेशी न्याहाळल्या. त्याआधी १८७६ मध्ये त्रिएस्तला जाऊन त्याने शेकडो ईल माशांचे विच्छेदन केले होते. नराची जननेंद्रिये नेमकी कुठे असतात, हा तेव्हाचा अनिर्णित प्रश्न होता. १८८१ मध्ये वैद्यकीय पदवी मिळाली. पुढच्याच वर्षी मार्था बर्नाइसशी वाङ्निश्चय झाला आणि संसार चालवायचा तर प्रयोगशाळा पुरणार नाही, हे ओळखून तो रुग्णालयात रुजू झाला. १८८४ मधील कोकेनचे प्रकरण या धडपडीच्या काळातले. कोकेनची त्याने तोंड भरून शिफारस केली, मॉर्फिनच्या आहारी गेलेल्या फ्लाइश्ल-मार्क्सो या मित्राला ते दिले, आणि मित्र दुहेरी व्यसनात सापडून १८९१ मध्ये वारला. डोळ्याच्या शस्त्रक्रियेत कोकेनने बधिरता आणता येते, हा खरा उपयुक्त शोध मात्र कोलर या सहकाऱ्याच्या नावावर गेला.

ऑक्टोबर १८८५ मध्ये शिष्यवृत्ती घेऊन फ्रॉइड पॅरिसला गेला. साल्पेत्रिएर रुग्णालयात शार्को हा प्रख्यात मज्जाविकारतज्ज्ञ हिस्टेरियाच्या रुग्णांची प्रात्यक्षिके दाखवीत असे. शार्को हा पाहणारा वैद्य होता. रुग्णालयात छायाचित्रणाची स्वतंत्र सोय होती. झटक्याच्या प्रत्येक अवस्थेची चित्रे घेतली जात. स्त्रिया भरसभेत संमोहित होऊन पडत आणि विद्यार्थी पाहत. त्या बोलत काय होत्या, याची फारशी दखल कोणी घेत नसे. फ्रॉइडवर शार्कोचा प्रभाव दांडगा पडला. त्याने त्याची व्याख्याने जर्मनमध्ये आणली, आपल्या थोरल्या मुलाचे नाव त्याच्यावरून ठेवले, आणि अशा प्रात्यक्षिकाच्या एका प्रसिद्ध चित्राची प्रत पुढे आयुष्यभर आपल्या उपचारगृहात बाळगली. पण त्या चित्राखाली त्याने जो कोच मांडला, त्याच्या डोक्याशी, रुग्णाला दिसणार नाही अशा जागी, त्याची स्वतःची खुर्ची होती. पाहणे संपून ऐकणे सुरू झाले ते या मांडणीत.

हा पालट एकाएकी घडला नाही, आणि त्याचे श्रेय एकट्या फ्रॉइडचेही नाही. त्याचे वडीलधारे स्नेही डॉ. योसेफ ब्रॉयर यांनी १८८० ते १८८२ या काळात एका तरुणीवर उपचार केले होते. वैद्यकीय वाङ्मयात ती अ‍ॅना ओ. या नावाने ओळखली जाते. हातपाय लुळे पडणे, दृष्टी अंधुक होणे आणि, भाषेच्या अभ्यासकाने विशेष ध्यानात घ्यावे असे, मातृभाषा जर्मन विसरून केवळ इंग्रजीत बोलणे अशी तिची लक्षणे होती. एखाद्या लक्षणाच्या मुळाशी असलेला प्रसंग ती बोलून दाखवी आणि ते लक्षण ओसरे. बोलण्याने होणारा उपचार हे या पद्धतीचे नाव तिनेच, तेही इंग्रजीत, ठेवले. या उपचाराची पुढे फार कीर्ती झाली. प्रत्यक्षात १८८२ मध्ये तिला मोठ्या निवासी रुग्णालयात दाखल करावे लागले होते, हे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील संशोधनाने दाखवून दिले. ही तरुणी म्हणजे बेर्टा पापेनहाइम. पुढे ती ज्यू स्त्रियांच्या चळवळीची एक प्रमुख नेता झाली. दुसरी रुग्ण एमी फोन एन. १८८९ मध्ये फ्रॉइड तिला सारखे प्रश्न विचारी. एकदा तिने वैतागून त्याला सांगितले की, हे कुठून आले आणि ते कुठून आले असे विचारीत राहू नका, मला जे सांगायचे आहे ते सांगू द्या. फ्रॉइडने ते मानले. मुक्त साहचर्याच्या पद्धतीचा उगम शोधायचा तर तो या रुग्णाईत बाईच्या वैतागात शोधावा लागेल. ब्रॉयर आणि फ्रॉइड यांचे 'हिस्टेरियाविषयीचे अभ्यास' हे पुस्तक १८९५ मध्ये निघाले. आपली रुग्णवृत्ते लघुकथांसारखी वाचली जातात, त्यांवर शास्त्राची गंभीर मुद्रा दिसत नाही, याचा फ्रॉइडला त्यात संकोच वाटलेला दिसतो. तो संकोच साहित्याच्या अभ्यासकाला फ्रॉइडच्या पुष्कळशा सिद्धांतांहून अधिक जवळचा वाटावा.

त्याच १८९५ च्या आरंभी एक प्रसंग घडला. त्याचा उल्लेख फ्रॉइडच्या भक्तांनी लिहिलेल्या चरित्रांत दीर्घकाळ येत नसे. एमा एक्स्टाइन ही त्याची रुग्ण. बर्लिनमधील त्याचा जिवलग मित्र विल्हेल्म फ्लीस हा नाक-घशाचा वैद्य. नाकाचा आणि लैंगिक विकारांचा संबंध असतो, अशी त्याची चमत्कारिक समजूत होती. फ्लीसने व्हिएन्नात येऊन एमाच्या नाकावर शस्त्रक्रिया केली आणि जखमेत सुमारे अर्धा मीटर लांबीची गॉजची पट्टी विसरून तो परतला. दुसऱ्या वैद्याने ती ओढून काढली तेव्हा रक्तस्राव होऊन एमा मरता मरता वाचली. दोष उघड होता. तरी पुढच्या वर्षी फ्रॉइडने मित्राला कळवले ते असे की, तिचा रक्तस्राव तिच्या मनातील उत्कंठेतून झाला होता. अबोधाचा सिद्धांत मित्राची चूक झाकण्याच्या कामी आला, असेच याबद्दल म्हणावे लागते. १९५० मध्ये फ्लीसला लिहिलेली पत्रे प्रथम छापली गेली तेव्हा हा भाग वगळला होता. समग्र पत्रव्यवहार १९८५ मध्ये उजेडात आला. एमाने पुढे काही काळ स्वतः मनोविश्लेषणाचे काम केले, ही तर या प्रकरणाची आणखी एक विलक्षण बाजू.

१८९६ च्या एप्रिलमध्ये फ्रॉइडने व्हिएन्नातील वैद्यमंडळींपुढे असे प्रतिपादन केले की, हिस्टेरियाच्या मुळाशी बालपणी प्रत्यक्ष सोसलेला लैंगिक अत्याचार असतो. श्रोत्यांनी थंडपणे पाठ फिरवली. ऑक्टोबरमध्ये त्याचे वडील वारले आणि त्याने स्वतःच्याच स्वप्नांचा माग काढायला सुरुवात केली. २१ सप्टेंबर १८९७ च्या पत्रात त्याने फ्लीसला कळवले की, आपल्या या सिद्धांतावर आपलाच विश्वास उरलेला नाही. महिनाभरातच, १५ ऑक्टोबरच्या पत्रात, सोफोक्लीसचा इडिपस राजा आणि शेक्सपिअरचा हॅम्लेट प्रथमच त्याच्या विचारात अवतरतात. आईविषयीची आसक्ती आणि वडिलांविषयीची असूया त्याला स्वतःत आढळली होती, आणि ती सर्वांत असते असे त्याने मानले. या वळणाविषयी आजही वाद आहे. एका पक्षाच्या मते या क्षणी मनोविश्लेषण जन्मले, कारण प्रत्यक्ष घटनेइतकीच मनातील कल्पिताचीही सत्ता त्याला दिसली. दुसऱ्या पक्षाच्या मते येथे त्याने पीडित मुलींचे सांगणे खोटे ठरवून त्यांना वाऱ्यावर सोडले. अत्याचार घडतच नाहीत, असे फ्रॉइडने कधी म्हटले नाही, हे खरे. पण समोरची व्यक्ती जे सांगते तो अनुभव की इच्छा, हा निवाडा यापुढे ऐकणाऱ्याच्या हाती गेला, हेही तितकेच खरे. रुग्णाचा शब्द ऐकणाऱ्या शास्त्रात रुग्णाला शेवटचा शब्द राहिला नाही.

'स्वप्नांचा अन्वयार्थ' हा ग्रंथ नोव्हेंबर १८९९ मध्ये बाहेर पडला; मुखपृष्ठावर मात्र नव्या शतकाचे १९०० हे साल होते. सहाशे प्रती खपायला आठ वर्षे लागली. या ग्रंथाचे वाङ्मयीन महत्त्व त्याच्या लैंगिक प्रतीकांत शोधणे ही उथळ वाचनाची खूण आहे. स्वप्न अनेक आशय एका प्रतिमेत दाटून भरते आणि एका गोष्टीचा भावभार दुसऱ्याच क्षुल्लक गोष्टीवर सरकवते, हे त्यातले मूळ प्रतिपादन आहे. म्हणजे श्लेष आणि लक्षणा यांच्या वाटेनेच मन चालते. यामागून आलेल्या, दैनंदिन चुका आणि विनोद यांवरील पुस्तकांतही त्याचे लक्ष जिभेच्या घसरण्याकडे, विसरलेल्या नावांकडे, शब्दांच्या कोट्यांकडे होते. प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञापेक्षा पोथीतला पाठभेद धुंडाळणाऱ्या पंडिताशी त्याचे येथे अधिक साम्य दिसते.

ज्या रुग्णवृत्ताकडे साहित्याचे अभ्यासक पुन्हा पुन्हा वळले ते डोराचे. ऑक्टोबर १९०० मध्ये वडिलांनी या अठरा वर्षांच्या मुलीला फ्रॉइडकडे आणले. वडिलांचे श्रीमती के. यांच्याशी संबंध होते. त्या बाईंचे पती डोराच्या मागे लागले होते. ती कोवळ्या वयात असताना त्यांनी तिला एकटीला गाठून तिचे चुंबन घेतले होते आणि पुढे एका सरोवराकाठी तिच्यापुढे प्रस्ताव ठेवला होता. तिने तक्रार केली तेव्हा वडिलांनी तिलाच कल्पनाविलासी ठरवले. या व्यवहारात आपल्याला किंमत म्हणून दिले जात आहे, हे तिने ओळखले होते. येथे फ्रॉइडला एक श्रेय द्यावे लागते : तिचे सांगणे खरे आहे, यावर विश्वास ठेवणारा तिच्या भोवतालच्या वडीलधाऱ्यांत तो बहुधा पहिलाच. पण तेथून पुढे त्याचे ऐकणे थांबले. तिचा तिटकारा म्हणजे दडपलेले प्रेम, तिचा नकार म्हणजे झाकलेला होकार, असा अर्थ तो तिच्यावर लादत राहिला. दोन स्वप्नांची चिरफाड त्याने विलक्षण कौशल्याने केली, आणि ३१ डिसेंबरला डोरा निरोप घेऊन निघून गेली. उपचार अकरा आठवडेच चालले. हे वृत्त त्याने १९०५ मध्ये छापले आणि अखेरीस आपली चूक नोंदवली : रुग्ण आपल्या आयुष्यातील जुन्या माणसांविषयीचे भाव वैद्यावर आरोपित करतो, ते भावसंक्रमण आपल्याला वेळीच ओळखता आले नाही. श्रीमती के. यांच्याविषयी डोराला वाटणारी ओढ आपल्या नजरेतून निसटली, हेही त्याने तळटीपेत मान्य केले. स्वतःचा पराभव इतक्या बारकाईने लिहून ठेवणारे शास्त्रज्ञ थोडे. मात्र तिच्या नकाराचा सरळ अर्थ नकार असा असू शकतो, ही शक्यता त्याच्या कबुलीजबाबातही शिरली नाही. डोरा म्हणजे इडा बाउअर. ती १९४५ मध्ये न्यूयॉर्कला वारली. एलेन सिक्सूने १९७६ मध्ये तिच्यावर नाटक लिहिले तेव्हा स्त्रीवादी समीक्षेत हे रुग्णवृत्त पुन्हा उघडले गेले.

चळवळीचा इतिहास येथे धावता सांगितला तरी चालेल. १९०२ पासून बुधवारी संध्याकाळी काही वैद्य बर्गगासेतील १९ क्रमांकाच्या घरी जमू लागले. १९०९ मध्ये अमेरिकेतील क्लार्क विद्यापीठाने बोलावून मान दिला. १९१० मध्ये आंतरराष्ट्रीय संघटना निघाली आणि कार्ल युंग तिचा अध्यक्ष झाला. १९११ मध्ये आल्फ्रेड आडलर आणि १९१३ मध्ये युंग दुरावले. युंगने सामूहिक अबोधाची आणि आदिबंधांची स्वतंत्र मांडणी केली. आडलरचा वारसा मराठीत घरोघरी पोहोचला आहे. न्यूनगंड हा शब्द वापरणाऱ्या शंभरांतील नव्व्याण्णवांना तो व्हिएन्नातील या भांडखोर मंडळाकडून आला, याची कल्पना नसते. मतभेद ऐकून घेणे फ्रॉइडला जड जाई. विरोध करणाऱ्याच्या मनात प्रतिरोध आहे, असे म्हटले की विरोधाचे उत्तर देण्याची गरज उरत नाही. या सोयीचा त्याने आणि त्याच्या शिष्यांनी मुबलक वापर केला.

साहित्य आणि कला यांवरील त्याच्या लेखनाचा मोठा भाग याच वर्षांतला. १९०७ मध्ये त्याने येन्सेनच्या 'ग्रादिवा' या लघुकादंबरीवर प्रबंध लिहिला. त्याच वर्षाच्या अखेरीस सर्जनशील लेखक आणि दिवास्वप्ने यांवर व्याख्यान दिले. मराठीत मनोविश्लेषक समीक्षेची चर्चा बहुधा या व्याख्यानाशी सुरू होते. परंतु अभ्यासकाने अधिक सावधपणे वाचावा असा निबंध १९१० चा, लिओनार्दो दा विंचीवरचा. लिओनार्दोने आपल्या बालपणाची एक आठवण लिहून ठेवली होती : पाळण्यात असताना एक पक्षी उतरला आणि त्याने शेपटीने आपले तोंड उघडले. फ्रॉइडने हा पक्षी गिधाड मानला. प्राचीन इजिप्तमध्ये गिधाड हे मातेचे चिन्ह होते, या धाग्यावर त्याने लिओनार्दोच्या पितृविरहित बालपणाची आणि मातृसंबंधाची सगळी इमारत चढवली. मूळ इटालियन शब्दाचा अर्थ मात्र घार असा आहे. जर्मन भाषांतरात घारीचे गिधाड झाले होते आणि फ्रॉइडने ते तपासले नाही. शब्दाशब्दाला थांबणारा हा वाचक येथे एका शब्दावर घसरला, कारण तो शब्द त्याला हवे तेच बोलत होता. हॅम्लेटच्या बाबतीतही तसेच काहीसे झाले. हे नाटक शेक्सपिअरने वडिलांच्या मृत्यूनंतर लगेच लिहिले, याला त्याने पुरावा मानले होते. पुढे शेक्सपिअरची नाटके स्ट्रॅटफर्डच्या माणसाची नव्हेतच, असे त्याला वाटू लागले आणि १९३० मध्ये आपल्या ग्रंथात तशी टीप जोडून त्याने आपलाच पुरावा काढून घेतला. निष्कर्ष मात्र कायम राहिला.

पहिल्या महायुद्धाने आणि त्यामागून आलेल्या साथीने त्याचे घर आणि विचार दोन्ही हलवले. १९२० च्या जानेवारीत मुलगी सोफी इन्फ्लुएन्झाने दगावली. तिच्या हयातीतच त्याने तिच्या दीड वर्षाच्या मुलाचा एक खेळ टिपला होता : दोरी बांधलेले लाकडी रीळ मूल पलंगापलीकडे फेकी, गेले अशा अर्थाचा उद्गार काढी, आणि दोरी ओढून ते परत आल्यावर हरखून जाई. आई दूर जाते, ही वेदना मूल स्वतःच्या हाताने पुन्हा पुन्हा घडवीत होते. सुखासाठीच मन धडपडते, या आपल्या जुन्या गृहीतकाला छेद देऊन त्याने १९२० मध्ये पुनरावृत्तीची सक्ती आणि मृत्युप्रेरणा यांची मांडणी केली. १९२३ मध्ये मनाचे त्रिविध चित्र आले. यासाठी त्याने निवडलेले जर्मन शब्द अगदी घरगुती आहेत. त्यांचा शब्दशः अर्थ ते, मी आणि वरचा मी एवढाच. इंग्रजी भाषांतरकारांनी त्यांना लॅटिनचा पेहराव चढवला आणि मराठीने त्यांमागून जाऊन इदम्, अहम्, पराहम् असा संस्कृत थाट पत्करला. संतवाङ्मयाने रुळवलेली जाणीव-नेणीव ही जोडी हाताशी असताना परिभाषा इतकी सोवळी का व्हावी, हा प्रश्न मराठीच्या विभागांनी स्वतःला विचारण्याजोगा आहे.

भारतातून त्याला एक स्वतंत्र आवाज ऐकू आला होता. कलकत्त्याचे डॉ. गिरींद्रशेखर बोस यांनी १९२१ मध्ये दमनावरील आपला ग्रंथ त्याला पाठवला आणि १९२२ मध्ये भारतीय मनोविश्लेषण मंडळाची स्थापना केली. दोघांची भेट कधीच झाली नाही. पत्रव्यवहार मात्र वर्षानुवर्षे चालला. आपल्या भारतीय रुग्णांत स्त्री होण्याची इच्छा सहज वर येते, युरोपीय रुग्णांप्रमाणे ती खोल दडलेली नसते. तेव्हा इडिपस गंडाचे स्वरूप सर्वत्र एकच मानता येणार नाही, असे बोस यांचे निरीक्षण होते. फ्रॉइडने ते सौजन्याने वाचले. १९३१ मध्ये, त्याच्या पंचाहत्तरीनिमित्त, मंडळाने पाठवलेली विष्णूची हस्तिदंती मूर्ती त्याने कौतुकाने आपल्या मेजावर ठेवली. सिद्धांतात मात्र काही बदलले नाही.

१९२३ मध्येच त्याच्या जबड्यात कर्करोग निघाला होता. सिगार काही सुटल्या नाहीत. पुढील सोळा वर्षांत तीसहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या. टाळूचा भाग काढल्याने तोंडात कृत्रिम पट्टी बसवावी लागे, बोलणे अस्पष्ट झाले. १९३० मध्ये फ्रँकफर्ट शहराचे गटे पारितोषिक मिळाले तेव्हा त्याचे भाषण मुलगी अ‍ॅनाने वाचून दाखवले. शस्त्रक्रियांपायी उजव्या कानाने ऐकू येईनासे झाले, तेव्हा त्याने कोच आणि खुर्ची यांची जागा पालटली. डावा कान रुग्णाकडे राहील अशी. काम थांबले नाही.

१९३३ मध्ये जर्मनीत त्याची पुस्तके जाळली गेली. मार्च १९३८ मध्ये ऑस्ट्रिया हिटलरच्या ताब्यात गेले आणि २२ मार्चला गेस्टापोने अ‍ॅनाला चौकशीसाठी नेले. ती संध्याकाळी परतली. त्यानंतर मात्र त्याने देश सोडायला संमती दिली. मारी बोनापार्त, अर्नेस्ट जोन्स आणि मुत्सद्दी स्नेह्यांच्या खटपटीने ४ जूनला तो व्हिएन्नातून निघाला आणि पॅरिसमार्गे लंडनला पोहोचला. वृद्ध चौघी बहिणी मागे राहिल्या. पुढे त्या चौघीही नाझी छावण्यांत मृत्यू पावल्या. लंडनमधील मेअर्सफील्ड गार्डन्समधल्या घरात त्याचा कोच, त्याची पुस्तके आणि हजारोंच्या घरातल्या प्राचीन मूर्ती पूर्वीसारख्या मांडण्यात आल्या. मोझेस आणि एकेश्वरवाद यांवरील त्याचे अखेरचे मोठे पुस्तक १९३९ मध्ये निघाले. ज्यू लोकांचा प्रेषित मुळात इजिप्शियन होता, असे त्यात त्याने मांडले होते. ज्यूंचा छळ होत असताना हे छापू नये, म्हणून काहींनी त्याला गळ घातली. त्याने ती मानली नाही.

त्या उन्हाळ्यातही जुलैअखेरपर्यंत तो थोड्या रुग्णांना भेटत होता. जखमेच्या दुर्गंधीमुळे त्याचा लाडका कुत्राही जवळ येईना. शेवटी वाचलेले पुस्तक बाल्झाकचे होते. प्रत्येक इच्छेसरशी आक्रसत जाणाऱ्या कातड्याची ती कादंबरी. डॉक्टर माक्स शुर यांनी वेळ आली की यातना लांबवणार नाही, असे वचन त्याला पूर्वीच दिले होते. सप्टेंबरात फ्रॉइडने त्याची आठवण करून दिली आणि हे अ‍ॅनाच्या कानावर घालायला सांगितले. शुर यांनी मॉर्फिन टोचले. २३ सप्टेंबर १९३९ रोजी पहाटे फ्रॉइड वारला. त्याची रक्षा गोल्डर्स ग्रीन येथे त्याच्याच संग्रहातल्या एका ग्रीक कलशात ठेवण्यात आली.